पेजेच्या पात्रातला पाळणा

चैत्र लागला की आमच्या गावात एका माणसाची झोप उडायची. उन्हाळ्याने नव्हे, डासांनी नव्हे, जत्रेने. बहिरीच्या जत्रेला अजून पंधरा दिवस असायचे आणि पोशादादा माथेरानहून डोंगर उतरून यायचा, घरी टेकायच्या आधी देवळासमोरच्या माळावर जायचा आणि पावलं मोजायला लागायचा. सकाळी माळावर, दुपारी माळावर. शाळेच्या खिडकीतून तो मला सारखा दिसे. इकडून तिकडे वीस पावलं, मग थांबून डोकं खाजवणं, मग परत वीस पावलं. मुलांना बेरीज शिकवताना माझंही चित्त उडून जाई आणि मग मी उगाच एखाद्या पोराच्या पाठीत धपाटा घालीत असे. मी तापट आहे, हे गावाला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं.

मी मूळचा वाईकडचा. लढाई सुरू झाली त्या वर्षी माझी बदली कर्जतजवळच्या या गावात झाली. गाव पेज नदीच्या काठाला, भिवपुरीच्या वीजघराच्या खालच्या अंगाला. जत्रा मला मुळीच आवडत नाही. धूळ, पिपाण्या आणि आंबूस शेव, एवढंच मला तिच्यात दिसायचं. पोशादादाने मला त्यात आणखी काय असतं ते दाखवलं, म्हणून हे लिहितो आहे.

तो माथेरानला हातरिक्षा ओढी. साहेब, पारशी शेट, त्यांच्या बायका गादीवर बसायच्या आणि हा पुढे दांडी धरून लाल मातीतून पळायचा. वीस वर्षं. त्यातून त्याने माणसांबद्दलचं एक शास्त्र बनवलं होतं. "मास्तर," तो मला म्हणायचा, "मानसाला काय दिलं म्हंजे तो खूश? खायला? नाय. बसल्या जागी हलवायचं. येवढा मोठा साब, पन वळनावर रिक्षा जराशी कलली की पोरीवानी वरडतो. नि खाली उतरला की म्हनतो, फिरून चल."

गावात जत्रेची आखणी करण्याचा मान त्याच्या घराकडे होता. आमच्याकडची रीत अशी: जत्रेच्या आदल्या गुरुवारी आखणी करणाऱ्याने घरोघर जायचं आणि प्रत्येक चुलीतली ओंजळभर राख मागून आणायची. त्या राखेच्या रेघा माळावर ओढायच्या. ह्या चौकोनात पाळणा, इथं लाकडी घोड्यांची चक्री, तिथं चित्रांच्या पेटीवाला, पलीकडे कुस्त्यांचा आखाडा. राख सगळ्या घरांची, म्हणून जत्रा सगळ्या गावाची. रेघेबाहेर कोणी पाल ठोकलं तर पोशादादा नुसता समोर जाऊन उभा राहायचा. तेवढ्यावर ते पाल सरकायचं.

आणि रेघा तो उगाच ओढत नसे. शेववाल्याला पाळण्याजवळ जागा नाही. पोटात गेलेलं बाहेर यायला वेळ लागत नाही. वाकडे आरसे अगदी वाटेच्या तोंडाशी, कारण एकदा माणूस स्वतःला हसला की पुढे दिवसभर कशालाही हसतो. अस्वलवाला घोड्यांच्या चक्रीपासून लांब, म्हणजे एका पोराच्या भोकाडाने दुसरं बिघडत नाही. म्हाताऱ्यांसाठी वडाखाली मोकळी जागा, तिथून पाळण्यात बसणाऱ्यांची तोंडं दिसली पाहिजेत. "भ्यायला येक, हसायला दोन, भांडायला येक, नि बाकी बसायला," असं त्याचं गणित. "भ्यायची दोन झाली की बाया घरला जातात. नि भ्यायचं येकबी नसंल तर गडी येतच नायत."

आता खरी अडचण इथेच होती. दोन वर्षांपासून आमच्या जत्रेत भ्यायला काहीच राहिलं नव्हतं. आमचा पाळणा चार पेट्यांचा, जुना, एवढा बुटका की त्यात बसण्यापेक्षा भिंतीवर चढलं तर जास्त भीती वाटावी. खालापुराकडच्या जत्रांत मोठे पाळणे आले होते. मुंबईला गिरणीत असलेली गावची माणसं आधी हटकून यायची. त्यांच्यासाठीच तर जत्रा पुनवेनंतरच्या रविवारी धरायची रीत पडली होती. तीही आता दुसरीकडे वळू लागली. त्रेचाळीस सालच्या चैत्रात येसाजी पाटलांनी पंचांसमक्ष सांगून टाकलं, "पोशा, औंदा जत्रा भरली नाय तर फुडल्या साली आखनी सदूच्या घरी." सदू म्हणजे पोशादादाचा चुलतभाऊ. बरा माणूस, पण त्याला आखणी म्हणजे राख फेकणं एवढंच ठाऊक.

पोशादादाचं काय होतं हो गावात? जमीन म्हणावी तर तुकडा, वर्षातले आठ महिने दुसऱ्यांना ओढण्यात जायचे. एवढ्या मानापुरता तो कोणीतरी होता. तो मान गेला की उरला रिक्षावाला. हे त्याने मला सांगितलं नाही, पण त्या दिवसापासून त्याचं ते वीस पावलं चालणं असं झालं की बघणाऱ्याला घाम फुटावा.

तो खालापूरला चालत गेला आणि इद्रिसला गाठून आला. इद्रिस पाळणेवाला, घराणं पनवेल खाडीकडचं, वडिलांच्या वेळेपासून खालापुरात. त्याच्याकडे आठ पेट्यांचा सागवानी पाळणा होता. बावीस हात उंच. इद्रिस यायला तयार झाला. अडलं ते देवापाशी.

बहिरीची काठी अठरा हातांची. जत्रेच्या दिवशी ती देवळापुढे उभी केली की तिच्याहून उंच काही असता कामा नये. झाडांना माफी, कारण ती देवानेच लावलेली. माणसाने उभारलेलं मात्र काठीच्या खालीच. ही रीत मोडली तर वर्षभर गुरांत रोग येतो, असं म्हणतात. इद्रिस समजुतीचा माणूस. म्हणाला, "पोशाभाय, देवाशी वाद नको. पन माजा पालना मी कापनार नाय."

तीन दिवस पोशादादा माळावर पावलंच मोजत राहिला. बायजावहिनी, त्याची बायको, माझ्याकडे येऊन म्हणाली, "मास्तर, तुमी तरी समजवा. झोपेत पाय हलवतात. माजी गोधडी फाटली." मी समजवायला गेलो तर तो नदीच्या काठावर उभा. खाली पात्राकडे बघत होता.

"मास्तर, काठावरनं पात्र किती खोल?"

"सहा हात असेल."

"बावीसातनं सहा?"

शाळामास्तराला बेरीज-वजाबाकी विचारणारा तो गावातला एकटाच. "सोळा," मी म्हणालो, आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

पेजेचं पाणी हे पावसाचं नव्हे, वीजघराचं. वर डोंगरातून आलेलं पाणी वीज करून खाली सोडतात, ती वीज मुंबईच्या गिरण्यांना जाते. त्यामुळे आमच्या बायकांना नदीचं वेळापत्रक पाठ. गिरण्या चालू असल्या की पाणी मांडीभर, रविवारी गिरण्या बंद की पाणी उतरतं, पात्रातले गोटे उघडे पडतात, आणि गावच्या सगळ्या गोधड्या त्या दिवशी गोट्यांवर वाळत पडतात. जत्रा रविवारीच. पात्रात मधोमध गोट्यांचा एक रुंद उंचवटा होता, तो तर गिरण्या चालू असतानाही कोरडा असे. तिथं पाळणा उभा केला की टोक काठीच्या खाली. देवाचा मान राहिला, इद्रिसचा पाळणा राहिला, आणि पोशादादाचाही मान राहिला. येसाजी पाटील स्वतः देवळाच्या पायरीवर उभे राहून पात्रात उभ्या धरलेल्या बावीस हातांच्या बांबूकडे एक डोळा मिटून बघून आले आणि म्हणाले, "हाय खाली. उबारा."

शुक्रवारी इद्रिसच्या माणसांनी दोन-दोन हात खड्डे खणून खांब पुरले, गोटे ठोकून बसवले. शनिवारी सकाळी पाळणा उभा राहिला. काठावर अर्धं गाव जमलं होतं. पोशादादा पात्रात खांबांभोवती फिरत होता, प्रत्येक खांबाला लाथ मारून बघत होता. त्याच्या तोंडावर मी तेव्हा पहिल्यांदा सुख पाहिलं.

त्याच दुपारी मोरू भिवपुरीहून आला. हा वीजघरात पुसापुशीचं काम करायचा. त्याने पोशादादाला आडबाजूला घेतलं. काय बोलणं झालं ते तेव्हा मला कळलं नाही. नंतर कळलं. मोरूने सांगितलं होतं, "लडाईच्या कापडासाठी काही गिरन्या उद्याच्याला चालू ठेवनार म्हनतात. नक्की नाय. पन पानी येईल बी, नि आलं तर रोजच्याहून जास्त."

नक्की नाही. या दोन शब्दांना धरून पोशादादाने रात्र काढली.

रविवारी पहाटे पाणी उतरलेलं होतं. गोटे कोरडे. जत्रा अशी भरली की मी चार वर्षांत पाहिली नव्हती. गाडीवानांना बैल सोडायला जागा मिळेना. मुंबईकर आले, नेरळ-शेलूकडची माणसं आली, वरच्या वाड्यांतली आली. आरशांपुढे येसाजी पाटील स्वतःचं लांबोडकं तोंड बघून एवढे हसले की त्यांचं पागोटं पडलं. पण पाळण्यात बसायला बाया काही तयार होईनात. नदीत, एवढं उंच, छे गं बाई! आणि बाया बसेनात म्हणून गडीही लाजू लागले.

तेव्हा पोशादादाने बायजावहिनीला हाताला धरून पात्रात उतरवलं आणि पेटीत बसवलं. शेजारी दोन पुतण्यांच्या बायका. मग माझ्याकडे आला. "मास्तर, तुमी बसा. मास्तर बसले की भरोसा येतो." मी नको नको म्हणत असताना मला त्याने समोरच्या पेटीत कोंबलं आणि शेजारी गोट्यांनी भरलेली दोन पोती ठेवली. पाळण्याचा नियम असा की समोरासमोर वजन सारखं लागतं, आणि वहिनी अंगाने चांगली भरलेली. मीही काही काटकुळा नव्हतो.

पाळणा फिरला. मी ओरडलो, हे कबूल करतो. वर गेलो की माथेरानचे कडे दिसत, खाली आलो की इद्रिसचा घामेजलेला चेहरा. मला पोशादादाही दिसत होता. बाकी सगळं गाव पाळण्याकडे बघत होतं, आणि तो पाठ फिरवून नदीच्या वरच्या वळणाकडे बघत होता. चार पावलं तिकडे, चार पावलं इकडे. मला वाटलं, नेहमीचंच.

आम्हाला बघून सगळ्या पेट्या भरल्या. तिसरा फेरा चालू होता आणि कडेच्या धारेचा रंग बदलला. आधी फेस आला. मग गोट्यांच्या मधून पाणी वाट काढू लागलं, हळूहळू, कोणाच्या लक्षात न येता. काठावरच्या कोणीतरी टाळी वाजवली. पाच-दहा मिनिटांत उंचवट्याचं बेट झालं होतं आणि पाणी खांबांच्या बुडाशी लागलं होतं.

पोशादादा ओरडला, "इद्रिस, थांबव! येकेक उतरव. समोरासमोर! येक हिकडची, येक तिकडची, नायतर उलटंल!"

एका बाजूची पेटी रिकामी झाली की दुसरी बाजू जड होते, आणि बुडातले गोटे सुटत असताना तो झोल खांबांना सहन झाला नसता. म्हणून एक पेटी खाली आणायची, माणसं उतरवायची, मग अर्धा फेरा सांभाळून फिरवून समोरची खाली आणायची. इद्रिस आणि त्याची दोन माणसं दांड्यांना लटकून पाळणा धरून होती. पोशादादा माणसं वाहत होता. एकेकाला पाठीवर घ्यायचा, पाण्यातून काठावर न्यायचा, परत यायचा. पाणी आधी गुडघ्याला, मग मांडीला. त्याला मी मोजत होतो, कारण वर बसून दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. चौदा खेपा झाल्या तेव्हा दोनच पेट्या उरल्या: माझी आणि समोर वहिनीची. मी वर, ती खाली, असं एकदा झालं. तिला आधी काढता आलं असतं. त्याने तिच्याकडे बघितलं आणि ओरडून पाळणा फिरवला, मला खाली आणलं. वहिनी वर गेली.

मी त्याच्या पाठीवर बसलो तेव्हा त्याचं हृदय माझ्या मांडीला लागत होतं. काठावर टाकून तो परत वळला. वहिनीच्या दोन सोबतिणींना इद्रिसच्या माणसांनी नेलं, तिला त्याने स्वतः. तिला घेऊन तो काठाला लागला नि मागे पाळणा कलला, एखाद्या म्हाताऱ्याने अंग टाकावं तसा सावकाश, आणि पाण्यात आडवा झाला.

काय व्हावं? काठावरच्या लोकांनी शिट्ट्या मारल्या! टाळ्या! टोप्या उडवल्या. अशी मजा कोणत्याच जत्रेत झाली नव्हती. मला एवढा संताप आला की मी समोरच्या गड्याच्या डोक्यावरची टोपी काढून पाण्यात फेकली. तो बिचारा हसतच राहिला.

दुसऱ्या दिवशी गावाने पाळण्याचं लाकूड ओढून काढलं, सुतारांनी मोडलेलं सांधून द्यायचं कबूल केलं. गावभर एकच बोलणं, पोशाने माणसं वाचवली. आणि पोशादादा सकाळी सकाळी शाळेत आला. मुलं यायची होती. त्याने मला मोरूचं बोलणं सांगितलं.

मी म्हणालो, "कोणाला सांगू नकोस. कोणाला खरचटलंही नाही. झालं ते झालं."

"मास्तर, मानूस भ्यायला कशापायी येतो? कुनीतरी समदं बघून ठेवलंय, म्हनून. त्ये बघायचं काम माजं व्हतं."

"पण बघितलंस ना! दिवसभर नदी बघत होतास."

तो फळ्यापासून दारापर्यंत आणि दारापासून फळ्यापर्यंत फिरत राहिला, आणि मुलं आली तेव्हा निघून गेला. मला चैन पडेना. त्या दिवशी मी कोणालाच मारलं नाही, मुलं घाबरून गेली.

पाचव्या दिवशी काठी उतरवतात. सकाळी देवळापुढे गाव बसतं आणि पाटील पुढच्या सालच्या आखणीचा नारळ देतात. येसाजी पाटील नारळ घेऊन उभे राहिले, गहिवरून म्हणाले, "ह्यो नारळ आता पोशाच्या घरातनं कदी जायाचा नाय." सदूनेच पहिली मान हलवली.

पोशादादाने हात पुढे केला नाही. "पाटील, पानी येनार म्हनून मला मोरूनं सांगितलं व्हतं. शनवारी. मी गप ऱ्हायलो."

इद्रिस कडेला बसला होता, त्याने मान खाली घातली. सदूच मग म्हणाला, "आरं, कुनी मेलं का? घे रं नारळ. आपलीच मानसं हायत."

बायकांच्या मागून बायजावहिनी उभी राहिली. पुरुषांच्या बैठकीत ती कधी बोललेली मी ऐकलं नव्हतं.

"मला बसवलंत तवा ठाव व्हतं?"

"व्हय."

"मग तुमी संगं का नाय बसलात?"

"कुनीतरी खाली लागतं ना," तो म्हणाला. "पानी बगायला."

वहिनी त्याच्याकडे बघत राहिली. रागाने नव्हे. राग असता तर बरं झालं असतं, असं मला वाटतं.

"तुमी मला सांगायचं व्हतं," ती म्हणाली. "वरनं वळनाच्या पल्याड समदी नदी दिसत व्हती. पानी येताना मी पैल्या फेऱ्यातच बगितलं. म्हनलं, तुमी हायत खाली, तुमाला ठावच आसंल."

मग ती बायकांतून वाट काढत घराकडे गेली. येसाजी पाटलांनी थोडा वेळ नारळ हातात फिरवला आणि तो सदूला दिला. कोणी हरकत घेतली नाही, पोशादादानेही नाही.